काटासाहेबांचं कोरडं वजन

बाजारपेठेत काटासाहेबांना ओळखत नाही असा दुकानदार नव्हता, आणि त्यांना बघून आनंद झाला असाही एक नव्हता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. गल्लीच्या तोंडाशी त्यांची खाकी पिशवी दिसली रे दिसली, की काट्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं पटापट सुटायची, घासून हलकी केलेली वजनं पोत्यांमागे जायची, आणि एरवी गिऱ्हाइकावर वसावसा ओरडणारी माणसं 'या साहेब, बसा साहेब' करायला लागायची. साहेब बसायचे नाहीत. चहा घ्यायचे नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा नाही. "दुकानदाराचं पाणी पोटात गेलं की डोळ्यांवर झापड येते," असं म्हणायचे. खात्यातल्या इतर साहेबांना ही झापड चांगलीच मानवली, त्यांचे बंगले झाले. काटासाहेबांचं नुसतं नाव झालं, आणि तेही खरं नव्हे, बाजाराने ठेवलेलं.

पुढे निवृत्ती झाली. सत्काराचा हार सुकतो न सुकतो तोच मूत्रपिंडांनीही राजीनामा दिला. तसा त्यांचा दोष नव्हता. रक्तदाबाची गोळी रोज घ्या म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते आणि साहेब "मला काय धाड भरलीय?" म्हणत होते. जगाची मापं तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या रक्तदाबाचं माप तेवढं कधी तपासलं नाही. तपासायचं ते दुसऱ्याचं, अशी खात्याची शिस्तच होती.

मग डायलिसिस आलं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास खुर्चीत. डाव्या हाताच्या शिरेत दोन जाड सुया खुपसायच्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून धुऊन परत आत. "लाँड्रीला निघालो," असं सांगून साहेब घरातून बाहेर पडायचे, आणि त्यांच्यामागे पिशवी, शाल, गोळ्यांचा डबा, उशी असं सगळं घेऊन वहिनी निघायची. वहिनी म्हणजे त्यांची बायको. अख्खी चाळ तिला वहिनीच म्हणायची. "मला कुणाची गरज लागत नाही," असं साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगायचे आणि मग आतल्या खोलीकडे बघून ओरडायचे, "अगं, माझे पायमोजे कुठे आहेत?"

आता नशिबाची थट्टा बघा. त्या डायलिसिस विभागाच्या दाराशीच एक काटा होता. माणसं मोजायचा. ज्याची मूत्रपिंडं गेली त्याचं पाणी बाहेर पडत नाही, प्यायलेलं सगळं अंगात साठत राहतं. म्हणून प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरवलेलं असतं. साहेबांचं होतं अठ्ठावन्न किलो. आल्यावर काट्यावर उभं राहायचं, अठ्ठावन्नच्या वर जेवढं भरेल तेवढं पाणी यंत्र चार तासांत ओढून घेणार. दोन किलोपर्यंत वाढ असेल तर सिस्टर गोड हसायची. त्याच्या वर गेली की अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारायची, "काका, विहीर प्यायलात का?" ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने बाजार चिडीचूप व्हायचा, त्याला मुलीच्या वयाची सिस्टर चारचौघांत पाण्याचा हिशेब विचारत होती. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा आला, दूध आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. वहिनी सकाळी एक बाटली भरून ओट्यावर ठेवायची. ती संपली की दिवस संपला, मग बाहेर ऊन कितीही असो.

हेही कमी होतं म्हणून की काय, शेजारच्या खुर्चीत शेठ आला.

शेठचं किराण्याचं दुकान. वीस वर्षांपूर्वी काटासाहेबांनी त्याच्या तराजूच्या पारड्याखाली मेणाचा गोळा पकडला होता. तराजू जप्त, दुकानाला आठवडाभर कुलूप, पेपरात नाव. शेठची चारचौघांत नाचक्की झाली होती. आता दोघांची खुर्ची शेजारी, दोघांचा वार एक, वेळ एक. पहिल्या दिवशी शेठने साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "या साहेब, बसा. इथे तरी बसाल ना?"

साहेब बसले. न बसून सांगतात कोणाला?

त्या विभागात एक समुपदेशक ताई होती. नवी, उत्साही, हातात फळी, फळीला प्रश्नांचे कागद. डायलिसिसच्या रुग्णांचं मन या नव्या आयुष्याशी किती जुळवून घेतंय आणि त्यांच्या जगण्याचा दर्जा काय आहे, याची ती पाहणी करत होती. दोन सुयांनी खुर्चीला जखडलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हा पाहणीसाठी फारच सोयीचा मुद्दा.

"काका, गेल्या महिन्यात आपण घरच्यांवर ओझं आहोत असं किती वेळा वाटलं? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, की सतत?"

"ओझं किलोत सांगू की टक्क्यांत?"

ताई हसली. पेशंटने विनोद केला तर हसायचं, हे तिला शिकवलेलं असावं. "मोकळेपणाने बोला हं काका."

"मोकळा आहे कुठे मी? हे बघ, बांधलाय."

"बरं. तुमच्या वैवाहिक आयुष्यावर या आजाराचा काही परिणाम? म्हणजे... शारीरिक जवळीक वगैरे?"

शेजारच्या खुर्चीत शेठने वाचत असलेला पेपर हळूच खाली केला. काटासाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पुढचा प्रश्न," ते गुरगुरले.

"पुढचा शेवटचाच. अशी एखादी गोष्ट सांगा, जी झाली तर तुम्हाला खरंच आनंद होईल."

यावर साहेबांकडे ठेवणीतली निदान चार खोचक उत्तरं असायला हवी होती. पण एकही बाहेर आलं नाही. ते यंत्राच्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "मुलीकडे जायचंय. पोटुशी आहे. पहिलंच. नवऱ्याची नोकरी फिरतीची, घरात तिसरं माणूस नाही. मी आणि ही, दोघांनी जावं म्हणतो. दोन वर्षांत या खुर्चीपासून लांब कुठे गेलो नाही."

ताईचे डोळे चमकले. पाहणीत असं ठोस उत्तर रोज थोडंच मिळतं! तिने जाऊन डॉक्टरांना गाठलं, आणि डॉक्टर साहेबांच्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. मुलगी रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. तिच्या गावातही डायलिसिस होतं. पण तिकडचे लोक पाहुणा पेशंट घेणार तर त्याची तब्येत स्थिर असल्याचं पत्र मागणार. "महिनाभर दोन खेपांमधली तुमची वाढ दोन किलोच्या आत ठेवून दाखवा," डॉक्टर म्हणाले, "पत्र देतो. नाही ठेवलीत, तर नाही. वाटेत श्वास अडकला तर मी तिथे नसेन."

साहेबांनी ते आव्हान खात्याच्या परिपत्रकासारखं शिरोधार्य मानलं. त्याच संध्याकाळी मुलीला फोन गेला.

"बाबा, पण तुम्हाला नाहीच जमलं तर आईला तरी पाठवा ना," मुलगी म्हणाली. "मला भीती वाटते हो एकटीला."

"छे, छे. दोघं येतो. तुझ्या आईला एकटीने प्रवासाची सवय नाही."

सवय नव्हती हे खरंच. कुणी कधी कुठे जाऊच दिलं नव्हतं, तर सवय लागणार कशी? आणि ती गेली तर सकाळी ओट्यावर बाटली कोण भरणार, शाल कोण घेणार, पायमोजे कोण शोधणार, हा प्रश्न साहेबांच्या मनात आलाच नाही असं नाही. आला होता. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. वहिनी तेव्हा भांडी पुसत होती. तिने एक पातेलं जरा जास्तच वेळ पुसलं, एवढंच.

पहिला आठवडा साहेबांनी निभावला. बर्फाचा खडा जिभेखाली धरला, कोमट पाण्याच्या चुळा भरल्या, चहाचा कप अर्धा केला. तहान म्हणजे काय ते निरोगी माणसाला सांगून कळत नाही. जीभ टाळूला चिकटते, स्वप्नात नळ येतात, आणि शेजारच्याने गटागटा पाणी प्यायलं तर त्याचा गळा धरावासा वाटतो. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे टीव्हीवर मॅच बघता बघता साहेबांच्या हाताखाली खारे शेंगदाणे आले. ताटली कधी रिकामी झाली ते कळलं नाही. घरी आल्यावर ते हात धुवायला न्हाणीघरात गेले, आणि हात धुवायला माणसाला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ त्यांना लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब काट्यावर चढले. त्या काट्याशेजारी भिंतीत एक स्टीलची नळी ठोकलेली होती, तोल जाणाऱ्या पेशंटसाठी. साहेबांचा तोल गेला. पहिल्या दिवशी तो खरंच गेला, हे मान्य करायला हवं. हात नळीवर टेकला, आणि साठ-सातशे दाखवणारा आकडा घसरत घसरत एकोणसाठ-आठशेवर आला.

त्या क्षणी साहेबांच्या डोळ्यांसमोर आपली सगळी नोकरी उभी राहिली असती तर बरं झालं असतं. पण उभी राहिली ती मुलगी.

"एकोणसाठ-आठशे! शाब्बास काका!" सिस्टरने लिहून घेतलं. तिला एकाच वेळी सहा पेशंट लावायचे होते, नळीकडे बघायला फुरसत कुणाला?

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण काट्याला हात लावलेला नाही. भिंतीला लावलाय. भिंतीला हात लावणं म्हणजे काटा मारणं नव्हे. असलीच वाक्यं त्यांना आयुष्यभर दुकानदारांनी ऐकवली होती, आणि त्यांनी एकालाही सोडलं नव्हतं. पण ते दुकानदार होते. इथे मामला घरचा होता.

आता या चोरीतली गंमत अशी, की ती एकदा करून भागत नाही. यंत्र काट्याचं ऐकतं. काट्याने एक किलो आठशे सांगितलं की यंत्र तेवढंच ओढणार, वरचं नऊशे ग्रॅम आतच राहणार. ते घेऊन घरी जायचं, त्यावर आणखी प्यायचं, आणि पुढच्या खेपेला नळीवर दुप्पट भार टाकायचा. जातानाही वजन करतात, तेव्हाही नळी धरायची. पण चार तास धुऊन निघालेल्या म्हाताऱ्याने आधार घेतला तर कोण संशय घेणार? पहिल्यांदा एक बोट पुरलं. मग पंजा लागला. तिसऱ्या खेपेला साहेब कोपराने नळीला असे रेलले होते, जणू बसची वाट बघतायत. आकडा मात्र शहाण्या बाळासारखा दोन किलोच्या आत.

घरात तर सनई वाजायचीच बाकी होती. साहेब शीळ घालायला लागले. पाण्याच्या बाटलीवर वहिनीने लक्ष ठेवलं तर "आता आमचं आम्हाला कळतं" म्हणायला लागले. रेल्वेचं वेळापत्रक मागवलं, खिडकीची जागा कुणाला यावर वाद घालून तो स्वतःच जिंकला. समुपदेशक ताईने तर कमालच केली. तिने आपल्या वरिष्ठांना सांगितलं की ध्येय समोर असलं की रुग्ण आजाराशी किती सुंदर जुळवून घेतो बघा, आणि साहेबांकडे बोट दाखवलं. साहेबांनी नम्रपणे मान हलवली. ती मान आता जरा सुजलेली होती.

ताईला दिसलं नाही, सिस्टरला दिसलं नाही, डॉक्टरांना रक्तदाब वाढलेला दिसला तर त्यांनी गोळी वाढवली. दिसलं ते एकट्या शेठला.

"साहेब," एके दिवशी यंत्रं सुरू झाल्यावर शेठ हळूच म्हणाला, "काटा मारताय."

"काय बडबडतोस?"

"बडबडत नाही. कोपर बघतोय. हात चांगला बसलाय तुमचा. माझ्या दुकानात नोकरीला ठेवला असता तुम्हाला."

काटासाहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला. "तू मला शिकवणार? तू? पारड्याखाली मेण लावणारा?"

"हो, मीच. मेण लावलं, पकडलं गेलं, दंड भरला, तोंड काळं झालं. पण साहेब, मी चोरायचो ते दुसऱ्याचं. पन्नास ग्रॅम, शंभर ग्रॅम. तुम्ही किलो किलो चोरताय, तेही स्वतःच्या छातीतून. असला आतबट्ट्याचा धंदा मी जन्मात केला नाही."

"मला मुलीकडे जायचंय," साहेब म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "तू तोंड उघडलंस तर बघ."

शेठने पेपर उघडला. "मी कशाला उघडतोय? माझं काय जातंय?" तो म्हणाला. पण पेपराचं पान त्याने त्या दिवशी उलटलं नाही.

पाणी कुणाचं मिंधं नसतं. ते पावलांपासून चढायला लागलं. मोजे काढले की घोट्यावर खोल वळ राहायचा, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. जिना चढताना मधल्या कठड्याशी थांबून साहेब "केवढी ही धूळ!" म्हणत जिन्याची पाहणी करायला लागले. आडवं झालं की छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून ते उशांची चवड लावून बसल्या बसल्याच झोपायचे. वहिनीने विचारलं तर "पित्त झालंय." तिने दोनदा विचारलं, दोनदा पित्तच होतं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, चौथी उशी आणून दिली.

महिना भरायला एकच खेप उरली. आज वजन नीट भरलं की हातात पत्र. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पण रिक्षातून उतरून विभागाच्या दारापर्यंत येता येता ते तीनदा थांबले, आणि दारात पोचले तेव्हा त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बोलायला एका वाक्यामागे दोन श्वास लागत होते. तशाही अवस्थेत ते काट्यावर चढले. सुंभ जळाला तरी पीळ थोडाच जातो! कोपर नळीकडे सरकलं.

नळीवर शेठचा हात होता.

तो आपल्या खुर्चीतून कधी उठून आला होता ते साहेबांना कळलंच नव्हतं. अजून सुया लागल्या नव्हत्या त्याला. नळी दोन्ही हातांनी धरून तो साहेबांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा राहिला, आणि दुकानातून गोदामात हाक मारावी तशा आवाजात ओरडला, "सिस्टर! वजन नीट घ्या यांचं. हात छातीशी बांधून घ्या. तीन आठवडे हा माणूस काटा मारतोय!"

हॉलमधल्या सगळ्या माना काट्याकडे वळल्या. काटासाहेबांनी तोंड उघडलं, पण श्वासच पुरला नाही. त्यांचे हात आपोआप खाली लोंबले, आणि काट्याने त्यांचं ऐकणं सोडून दिलं. चौसष्ट किलो दोनशे.

मग जी पळापळ झाली ती झाली. ऑक्सिजनची नळी नाकाला, डॉक्टर धावत आले, छातीला स्टेथोस्कोप लावून "हे पाणी फुप्फुसांत आलंय" म्हणाले. सहा किलो एका दमात ओढता येत नाही, हृदय बंद पडेल, म्हणून आज ओढता येईल तेवढं ओढायचं आणि उद्या परत बोलवायचं ठरलं. चार तास साहेबांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की त्यांनी उशीचं टोक चावून धरलं. डॉक्टर दातओठ खात म्हणाले, "पत्राचं विसरा. उद्याचा दिवस बघाल की नाही याची शाश्वती नव्हती, आणि म्हणे प्रवासाला निघाले!" हे सगळं दारापाशी शाल घेऊन उभ्या असलेल्या वहिनीने ऐकलं. समुपदेशक ताई जवळ आली, फळी छातीशी धरून म्हणाली, "काका, या प्रसंगाबद्दल आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" डॉक्टरांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिला दुसऱ्या मजल्यावरचं काम आठवलं.

जरा श्वास आल्यावर साहेबांनी मान शेजारी वळवली. "झाला सूड घेऊन? वीस वर्षं डूख धरून बसला होतास!"

"सूड?" शेठ म्हणाला. "साहेब, सूड घ्यायचा असता तर मी गप्प बसलो असतो."

साहेबांनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. शेठने पेपर मधे धरला, म्हणजे पलीकडच्यांना दिसायला नको.

दुसऱ्या दिवशीची खेपही झाली. दुपारी साहेब घरी खुर्चीत बसले होते, अंगातून सहा किलो गेल्यामुळे शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. वहिनी त्यांच्याशी भांडली नव्हती. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, उलट बोलायला चार वाक्यं त्यांनी तयार ठेवली होती. पण ती काल रिक्षात बोलली नाही, आज सकाळी नाही. नेहमीसारखी बाटली भरून ठेवली आणि पोळपाट घेऊन बसली.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचे हात पिठाचे, म्हणून तिने कोपराने दाबून तो स्पीकरवर टाकला.

"आई, डॉक्टर म्हणाले आठवडाभरात कधीही," मुलीचा आवाज आला. "बाबांना पत्र मिळालं का? कधी निघताय?"

वहिनीने साहेबांकडे बघितलं. मग फोनकडे तोंड करून म्हणाली, "मिळेल गं. जरा त्या लोकांचं काहीतरी कागदपत्रांचं—"

साहेब ताठ झाले. हिला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. शेजारीण उसनी साखर मागायला आली तर घरात साखर नाही असंसुद्धा तिला सांगता येत नसे. ती आता मान खाली घालून पोटच्या पोरीशी खोटं बोलत होती. आणि तेही त्यांच्यासाठी.

"पत्र मिळणार नाही," साहेब मोठ्याने म्हणाले. "कागदपत्रांचं काही नाही. मी वजनात खोटं केलं. पकडला गेलो."

"काय? बाबा, तुम्ही?"

"मीच. सविस्तर तुझी आई सांगेल तिकडे आल्यावर. उद्याच्या गाडीने निघतेय ती."

वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. मुलगी पलीकडून "खरंच? आई, खरंच येतेस?" असं काहीतरी म्हणत होती, हसत होती की रडत होती ते त्या स्पीकरमधून नीट कळत नव्हतं. मग फोन बंद झाला.

"आणि तुमचं?" वहिनी म्हणाली.

"माझं काय? शेठची रिक्षा इकडूनच जाते, मला उचलेल तो. नाही म्हणाला तरी उचलेल, आता काय, माझ्यावर पाळत ठेवायची सवयच लागलीय त्याला. बाटली मी भरीन. जन्मभर लोकांची मापं तपासली, माझं एक लिटर मला मोजता येतं."

"येतं ते माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"पायमोजे कुठे असतात तेवढं सांगून जा," ते म्हणाले. "आणि ऊठ आता, बॅग भरायला घे. उद्या गडबड नको."

वहिनी उठली, हात धुतले, आतल्या खोलीत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि ती एक मध्यम आकाराची बॅग घेऊन बाहेर आली. बॅगेची चेन बंद होती.

"ही काय?"

"भरलेली आहे."

"कधी भरलीस?"

"तिने बातमी दिली त्याच दिवशी."

साहेबांनी पुढे वाकून चेन उघडली. वर एक लोकरीचं टोपडं होतं, त्याखाली दुपटी, मग वहिनीचे कपडे, तिचा जास्तीचा चष्मा, तिच्या गुडघ्याचं मलम, तिची चप्पल कागदात गुंडाळून. त्यांनी एका बाजूने हात घालून तळापर्यंत चाचपून बघितलं. मग दुसऱ्या बाजूने बघितलं.

"यात माझं काहीच नाही," ते म्हणाले.

"नाही," वहिनी म्हणाली, आणि वाकून चेन लावली. "मला वाटलं होतं, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाल, जा म्हणून."